तिघांचं टेबल

९ सप्टेंबर, शनिवार

आला. येणार नाही असं मी सकाळीच लेकीला सांगून ठेवलं होतं. पण आम्ही पोचलो तेव्हा तो आधीच येऊन बसला होता, दाराकडे तोंड करून.

कोर्टाने घालून दिलंय ते असं. दर शनिवारी दुपारी माझ्या नातीने तिच्या बापाबरोबर एक जेवण जेवायचं. त्याच्या घरी नाही, आमच्या घरी नाही, बाहेर कुठेतरी. सोबत आईकडचं एक मोठं माणूस बसणार. मुलीला नजरेआड होऊ द्यायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी समुपदेशक बाई बोलावून विचारतील की काय पाहिलंत, आणि त्यावर पुढचं ठरेल. माझ्या लेकीला त्याचं तोंड बघायचं नाही. आमच्या हिला फार वेळ खुर्चीत बसवत नाही. उरलो मी. नाहीतरी नोकरीभर मी हेच केलं. वाहन परवान्याच्या परीक्षा घ्यायच्या, शेजारच्या सीटवर गप्प बसायचं आणि माणूस कुठे चुकतो ते बघायचं.

जागा लेकीने निवडली, आमच्याच गल्लीच्या टोकाचं भूमध्य समुद्राकडच्या जेवणाचं रेस्टॉरंट. लहानशी जागा, निळ्या खुर्च्या, आत भट्टी, आणि हवेत लसणाचा नि भाजक्या वांग्याचा वास. इतकी वर्षं त्याच्यासमोरून जातोय, आत पाऊल टाकलं नव्हतं. चणे वाटायचे, वर तेल ओतायचं, आणि हमस असं नाव देऊन त्याला जेवण म्हणायचं. मालकीणबाई अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून.

मला पाहून तो उठून उभा राहिला. पूर्वी मला बाबा म्हणायचा. आज काहीच म्हणाला नाही, नुसती मान हलवली. मीही पूर्वी त्याला अरेतुरे करायचो. आज ‘तुम्ही’ म्हणालो. ‘तुम्ही’ म्हटलं की अंतर राहतं.

नातीला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. आज मात्र पोर शहाण्यासारखी बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. तो जे विचारेल त्याला आधी माझ्याकडे बघून मग उत्तर. जेवली तर नाहीच. गरम पिटा पाव, कबाब, काकडी घातलेलं दही, सगळं समोर होतं. तिने पिटाचा एक कोपरा तोडला आणि परत ठेवून दिला. “भूक नाही, आजोबा.”

मी फक्त पाणी घेतलं. परीक्षकाने समोरच्याचं काही घ्यायचं नसतं.

घरी येताना विचारलं, “आवडलं नाही ना तुला?”

“नाही.”

“शहाणी माझी बाय ती.”

सात वर्षांच्या मुलाला माणूस ओळखता येतो, हे लोकांना खरं वाटत नाही.

१० सप्टेंबर, रविवार

ही सकाळी म्हणाली, “तुम्ही तिथे बसता ते ठीक. पण जरा दुसरीकडे बघत बसा.”

मी म्हटलं, मग बसायचं कशाला?

“तुमच्या शेजारी बसून मी कधी गाडी शिकले का? तीनदा सुरू केली, तीनदा बंद पडली. नंतर भावाबरोबर गेले, आठवड्यात शिकले.”

त्याचा याच्याशी काय संबंध, हे हिने सांगितलं नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज एक प्रसंग घडला तो नीट लिहून ठेवतो.

शेजारच्या टेबलावर वाढदिवस होता. त्यांनी मागवलेली वाइन वेटरने चुकून आमच्या टेबलावर आणून ठेवली. दोन ग्लास, लाल. ठेवले ते नेमके त्याच्या हातापाशी. मी काही बोललो नाही. मला बघायचंच होतं.

त्याने ग्लासकडे पाहिलं. हात टेबलाखाली घेतले. तोंडावर घाम आला असावा, कारण त्याने बाहीने कपाळ पुसलं. मग वेटरला हाक मारली, “हे आमचं नाही,” पण आवाज इतका बारीक की वेटरला ऐकू गेला नाही. भिंगरीने तेवढ्यात आपला पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. धक्का लागून सांडेल म्हणून असेल. शेवटी मालकीणबाई आली, दोन्ही ग्लास उचलले आणि वेटरला चार शब्द सुनावले.

नजर गेली होती. हात गेला नाही, पण नजर गेली. दीड वर्षापूर्वी याच माणसाने सकाळी मुलीला शाळेत सोडलं आणि संध्याकाळी न्यायला आला नाही. तो त्या दिवशीही पिऊनच होता. नोकरी गेल्याचं त्याने महिनाभर घरात लपवलं होतं. शाळेच्या फाटकाशी भिंगरी दप्तर पाठीवर घेऊन उभी होती. मला फोन आला तेव्हा अंधारून आलं होतं. तिने दप्तर खाली ठेवलं नव्हतं, कारण पप्पा आला की लगेच निघता यावं. त्यानंतर एक वर्षभर तो कुठे होता, कोणाला पत्ता नाही. आता म्हणतो उपचार घेतले, सुतारकाम शिकलो, लोकांची दारं-कपाटं बसवतो. लोकांची बसव, बाबा.

भिंगरी हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. हात धुवायची जागा आत, भट्टीकडच्या बोळात आहे. बोळाचं तोंड टेबलावरून दिसतं, त्यामुळे नजरेआड म्हणता येणार नाही. तोही मध्ये पाणी आणायला म्हणून उठला. वेटर असताना.

रात्री पोरीने ताटाला हात लावला नाही. शनिवारी हे असंच होतं. मनाला लावून घेते.

२३ सप्टेंबर, शनिवार

आज तीन वेळा हात धुतले भिंगरीने. स्वच्छतेची सवय आजीची.

त्याने विचारलं, “शाळेत काय चाललंय?”

ती म्हणाली, “आजोबा सांगतील.”

मग मीच सांगितलं. तो माझं ऐकत होता आणि बघत तिच्याकडे होता. गणितात चांगली आहे हे ऐकून त्याला आनंद झालेला दिसला. आनंद व्हायला काय जातं?

ऑलिव्ह तिने तोंडात टाकलं आणि कडू म्हणून लगेच काढलं. माझ्याकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं. मला हसू आलं. त्याने ते पाहिलं आणि पुढ्यातली वाटी उगाच पुसत बसला.

२५ सप्टेंबर, सोमवार

लेक इस्पितळात नर्स आहे. या आठवड्यात सकाळची पाळी, त्यामुळे संध्याकाळी निवांत होती. युनिफॉर्मला इस्त्री करता करता विचारते, “मग? काय झालं परवा?” मी सांगतो. वाइनचं सांगितलं, मध्येच उठून जातो ते सांगितलं, तिला एक घास नीट भरवता आला नाही ते सांगितलं. ती मान खाली घालून ऐकते. आज मध्येच म्हणाली, “खोकतो का अजून?”

मी म्हटलं, लक्ष दिलं नाही.

“नाही, सहज विचारलं.” आणि झालेल्या बाहीला पुन्हा इस्त्री केली.

ही आतून भाजी चिरत होती. सुरीचा आवाज थोडा वेळ थांबला होता.

३० सप्टेंबर, शनिवार

नाही आला.

आम्ही वेळेवर गेलो. टेबल रिकामं. भिंगरी आपल्या खुर्चीवर बसली आणि दाराकडे बघू लागली. मालकीणबाईने न सांगता पिटा आणून ठेवला. तो वाफाळत होता, मग थांबला. दार उघडलं की भिंगरीची मान वर, दुसरं कोणी निघालं की खाली.

“आजोबा, आपली वेळ चुकली का?”

मी म्हणालो, “वेळ बरोबर आहे. माणूस चुकलाय.”

ती हसली. मला बरं वाटलं, की पोर एवढं मनावर घेत नाहीये.

बाकीची टेबलं भरली, रिकामी झाली. मालकीणबाई दोनदा दारापर्यंत जाऊन रस्त्यावर बघून आली. फोन नाही, निरोप नाही. शेवटी मी म्हटलं, “चल, घरी आजीने केलेलं असेल.” ती उठली. अंगात जॅकेट होतंच, तिने काढलंच नव्हतं. बसल्यापासून चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

१ ऑक्टोबर, रविवार

लेकीला सांगितलं. तिने “बरं” एवढंच म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता.

मी खूश असायला हवं. जे पहिल्या दिवसापासून म्हणत होतो तेच झालं. आता समुपदेशक बाईंना एवढं एकच वाक्य सांगायचं, म्हणजे विषय संपला. पण काल रात्री भिंगरी दोन वेळा मागून घेऊन जेवली. शनिवारी कधी नाही ते. मी हिला म्हटलं, बघ, तो आला नाही तर पोर कशी पोटभर जेवली. हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चूक बोललो की काय तेच कळेना.

७ ऑक्टोबर, शनिवार

आज तो आमच्या आधी आलेला होता. दाढी केलेली, डोळे आत गेलेले. खोकत होता. हे लेकीला सांगायचं का, असा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

भिंगरी त्याच्यासमोर बसायची ती आज माझ्या बाजूला येऊन बसली. त्याच्याकडे पाहिलं नाही. मालकीणबाई आली आणि म्हणाली, “चल, भट्टीत पाव कसे फुगतात दाखवते.” दोघी बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आम्हाला दिसतील अशा.

तेव्हा तो म्हणाला, “गेल्या शनिवारी मी प्यायलो होतो.”

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“जवळजवळ वर्षाने. सकाळी. कपडे करून निघालो, समोरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत आलो. काचेतून तुम्ही दोघं दिसत होतात. तिने जॅकेट काढलं नव्हतं. त्या अवस्थेत तिच्यासमोर यायचं नव्हतं, म्हणून परत गेलो.”

“हे मला का सांगताय?”

“तुम्ही विचारलं असतं तर खोटं बोललो असतो. म्हणून तुम्ही विचारायच्या आधी सांगितलं.”

“मला हे तिथे सांगावं लागेल.”

“सांगा.”

भिंगरी परत आली. आज हात धुवायला एकदाही उठली नाही. तोही उठला नाही. तिघं बसून होतो. रशाच्या भांड्यात माशाचे तुकडे तसेच राहिले. वेटरने न विचारता टेबल आवरलं. इतकं गप्प टेबल मी परीक्षेच्या गाडीतसुद्धा पाहिलेलं नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

लेकीला अजून सांगितलेलं नाही.

हातात हुकमाचं पान आलंय आणि मी ते खेळत नाहीये. का, हे मलाच नीट सांगता येत नाही. तो तसाच पिऊन आत आला असता, तर काम सोपं होतं. नुसताच आला नसता आणि गप्प राहिला असता, तरी सोपं होतं. पण शिंप्याच्या दुकानापासून परत फिरला आणि पुढच्या शनिवारी येऊन स्वतःच सांगितलं, हे कुठल्या रकान्यात घालायचं? नोकरीत असा माणूस एकदाच भेटला होता. परीक्षेला आला आणि गाडीत बसायच्या आधीच म्हणाला, साहेब, रात्रभर जागा आहे, आज नको. त्याला मी पुढची तारीख दिली होती.

पण गाडी आणि नात यात फरक आहे. हा पुन्हा गेला तर?

१४ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहायला आज जड जातंय.

जेवण अर्ध्यावर असताना भिंगरी म्हणाली, “हात धुवून येते.” थोड्या वेळाने तो उठला. मला वाटलं, कळलं. हा आत काउंटरवर जाऊन घेतोय आणि पोरीला पहाऱ्यावर उभी करतोय. आज पकडायचाच. मी उठलो आणि मागोमाग बोळात गेलो.

बोळाच्या शेवटी पडदा आहे, पलीकडे स्वयंपाकघर. मालकीणबाई पाठमोरी, भट्टीत फावडं घालून उभी. भिंगरी पिठाच्या पोत्यावर बसलेली, पाय हलवत. गाल फुगलेले, ओठांना दही. एका हातात कबाब गुंडाळलेला पिटा, दुसरा हात हवेत, काहीतरी सांगत होती. तो समोर उकिडवा बसून तिचं ऐकत होता. त्याच्या हातात तिची वाटी होती. बस, एवढंच होतं त्याच्या हातात.

मी पडदा बाजूला करणार, तेवढ्यात ती म्हणाली, “पप्पा, तू त्या दिवशी का नाही आलास?”

“बरा नव्हतो.”

“दारू प्यायला होतास?”

त्याने हातातल्या वाटीकडे पाहिलं. “हो.”

“परत पिणार?”

“नको असं रोज ठरवतो. त्या दिवशी ठरवून पण जमलं नाही.”

ती चावत राहिली. मग म्हणाली, “जमलं नाही तर इथे फोन कर. मावशी मला सांगतील. मग मी वाट नाही बघणार.”

“करेन.”

“नक्की?”

“नक्की.”

“अजून एक दे. आणि आजोबांना सांगू नकोस हं, मी खाल्लं ते.”

“का गं? त्यांनी नको म्हटलंय?”

“नाही म्हटलं. पण मी नाही खाल्लं की ते खूश होतात. खाल्लं तर त्यांना वाईट वाटेल.”

मालकीणबाईचं फावडं थांबलं होतं.

मी टेबलाशी परत येऊन बसलो. थोड्या वेळाने भिंगरी आली. तोंड स्वच्छ पुसलेलं, हात मांडीवर, पाठ ताठ. समोरच्या ताटाकडे बघून म्हणाली, “भूक नाही, आजोबा.”

मी “बरं” म्हणालो.

१५ ऑक्टोबर, रविवार

हिला सगळं सांगितलं. हिला नवल वाटलं नाही.

“शनिवारी तिचं पोट भरलेलं असतं,” ही म्हणाली. “फ्रॉकच्या खिशात पावाचा चुरा असतो. मी झटकते.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही सांगत होतात, मी ऐकत होते.”

“आणि मी किती दिवस तिला शहाणी म्हणत होतो.”

“ती शहाणीच आहे,” ही म्हणाली. “म्हणून तर.”

दिवसभर मनात येतंय की घरातसुद्धा तिने काय काय असं मला जपून केलं असेल. मी दूध आणलं की संपवते. मी निवडलेलीच चप्पल तिला आवडते. मला वाटायचं, आमचं दोघांचं जमतं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आज मी चूक दुरुस्त करायला गेलो आणि आणखी मोठी करून आलो.

मनाशी ठरवलं होतं की पोरीला मोकळं करायचं. बसल्याबरोबर म्हणालो, “भिंगरी, आज सगळं खायचं हं. आजोबांना खूप आवडेल तू खाल्लंस तर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. खरं आहे का ते बघत होती. मग खायला लागली. पिटा, हमस, मग कबाब. मला बरं वाटत होतं. मी म्हणालो, “वा.” तिने भाजलेलं वांगं घेतलं, जे तिला कधीच आवडत नाही. मग ऑलिव्हची वाटी ओढली. एक एक तोंडात टाकायची, गिळायची आणि माझ्याकडे बघायची. डोळ्यांत पाणी आलेलं. तरी हात थांबेना.

“बाबा,” तो म्हणाला. या सगळ्या शनिवारांत पहिल्यांदा. “बाबा, तिला पुरे म्हणा. माझं नाही ऐकणार ती. तुम्ही म्हणा.”

“पुरे, बाळा,” मी म्हणालो.

लगेच हात थांबला. बटण दाबल्यासारखा. मग तिला उलटी आली आणि मालकीणबाईने तिला उचलून आत नेलं. तो मागे धावला. मी नाही उठलो. मी उठलो असतो तर तिने उलटीसुद्धा आवरली असती.

थोड्या वेळाने मी बाहेर पडलो. रस्ता ओलांडून शिंप्याच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिलो. काचेतून टेबल स्पष्ट दिसतं. दोघं परत येऊन बसले. तिने इकडे तिकडे पाहिलं. मी दिसलो नाही तशी तिने त्याच्या पाण्यातून दोन घोट घेतले आणि त्याच्या दंडाला डोकं टेकलं. शिंपी आतून म्हणाला, “काही शिवायचं आहे का?” मी नाही म्हणालो.

मुलीला सोडून बाहेर गेलो, म्हणजे कोर्टाचा नियम मोडला तो मी.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

समुपदेशक बाईंची खोली लहान आहे. भिंतीला लागून खेळण्यांची टोपली. त्याला आधी बोलावून घेतलं होतं, तो निघून गेला होता. मग मी आणि लेक.

बाईंनी विचारलं, “काय पाहिलंत?”

मी सगळं सांगितलं. एक शनिवार आला नाही ते, का आला नाही ते, आणि ते त्याने स्वतः सांगितलं हेही. स्वयंपाकघरातलं सांगितलं. ऑलिव्हचं सांगितलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो तेही. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली तरी तिने उचलली नाही.

“मग तुमचं मत काय?” बाई म्हणाल्या.

“तो चांगला झालाय की नाही, मला सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “मुलगी त्याच्याबरोबर जेवते. माझ्यासमोर जेवत नाही. मला तिथे बसवू नका.”

बाहेर बोळात लेक थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तो प्यायला होता हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“सात तारखेपासून.”

“आणि रोज माझ्यासमोर जेवत होतात.”

“हो.”

“तुम्ही माझ्या बाजूने बसला होतात, बाबा.”

यावरचं उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, पण ते फार शहाणपणाचं होतं, म्हणून गिळून टाकलं.

“पुन्हा गेला तर तिला कोण सावरणार?” ती म्हणाली. “तुम्ही?”

तेवढ्यात दारातून बाईंनी हाक मारली. त्यांनी ठरवलं ते असं. आणखी तीन महिने भेटी चालू, त्याच जागी. तो प्यायला असेल तर यायचं नाही, पण कळवायचं. सोबत माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी. त्या म्हणाल्या, “ऑफिसमधून माणूस देता येईल.”

“परकं माणूस नको,” लेक म्हणाली. “मी बसेन.”

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लेक माझ्याशी बोलत नाही. ‘मीठ’ म्हटलं तर मीठ पुढे करते, तेवढंच. ही मध्ये पडत नाही. म्हणते, “तुमचं तुम्ही निस्तरा. पण हे निस्तरण्यासारखं आहे, एवढं सांगते.”

उद्या भेट नाही, कागद व्हायचेत. भिंगरीने विचारलं, “आजोबा, पुढच्या वेळी तुम्ही का नाही येणार?” मी म्हणालो, “मला हमस आवडत नाही.” ती विचार करून म्हणाली, “तुम्ही कधी खाल्लंच नाहीत.” मग तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हसलो. मला हसताना त्रास झाला, पण मी हसलो. खरंच हसतोय याची खात्री झाल्यावर तीही हसली.

४ नोव्हेंबर, शनिवार

आज दोघी निघाल्या. लेकीने दोनदा साडीचा विचार केला आणि शेवटी रोजचाच कुर्ता घातला. भिंगरी दारात उभी राहून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मी पेपर उघडून धरला होता. पेपर वाचता येत नव्हता, पण तोंड झाकलं जात होतं.

आम्ही दोघं जेवलो. ही म्हणाली, “सारखं घड्याळ बघितलं म्हणून काटे धावत नाहीत.” नेहमी मी भिंगरीला घेऊन यायचो ती वेळ झाली. होऊन गेली. मी चपला घातल्या, हिने काढायला लावल्या. गल्लीच्या टोकाशी तर आहे, मी म्हटलं, नुसता बघून येतो. “काचेतून?” ही म्हणाली. मी बसलो.

काय काय मनात आलं ते लिहीत नाही. तो आला नसेल. आला असेल आणि लेक उठून निघाली असेल. भांडण. भिंगरी दोघांच्या मध्ये, हात मांडीवर.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा कुलूप वाजलं. भिंगरी आत आली आणि तडक आजीकडे गेली. लेक चपला काढून दारातच बसली, पाठ भिंतीला टेकून. मी पेपर घडी केला. काय झालं हे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. दर शनिवारी तिनेच मला ते विचारलं होतं.

बऱ्याच वेळाने ती स्वतःच बोलायला लागली. अकरा दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही माझ्याकडे न बघता.

“मी काही खायचं नाही असं ठरवून गेले होते. पाणीसुद्धा नाही. तो बोलत होता, मी उत्तर देत नव्हते. आणि ही ताटाला हात लावेना. माझ्याकडे बघत बसली. मी दुसरीकडे बघितलं तरी बघतच होती. तुम्ही म्हणाला होतात ना तिथे, बाईंच्या खोलीत, ती तुमच्यासमोर जेवत नाही म्हणून. मला वाटलं होतं, ते तुमच्यापुरतं असेल.”

आतून भिंगरीचा आवाज येत होता. ती हिला काहीतरी सांगत होती, भराभर, श्वास न घेता.

“मग?” मी म्हणालो.

“मग काय, बाबा.” लेकीने डोळे पुसले, पण रडत नव्हती, दमल्यासारखी दिसत होती. “त्याला म्हटलं, तो पिटा इकडे दे. आणि मी जेवले.”